अनेक भाषांचा मुलूख आणि खुले ज्ञान

जे ज्ञान कोणालाही विनामूल्य वाचता येते, उतरवून घेता येते, बदलता येते आणि पुन्हा इतरांना देता येते, त्याला खुले ज्ञान म्हणतात. हा हक्क कोणाच्या औदार्यावर सोडलेला नसतो. तो परवान्यात लिहिलेला असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एखाद्या पुस्तकाचे भाषांतर करण्याचा अधिकार मूळ हक्कधारकाकडे असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यांनी तो आधीच सर्वांना देऊन टाकलेला असतो. त्यामुळे कोणत्याही भाषेच्या माणसाला, कोणाची परवानगी न मागता, तो मजकूर आपल्या भाषेत आणता येतो. विकिपीडिया २००९ पासून अशाच परवान्याखाली आहे.

परवान्याने दिलेली ही मोकळीक प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येते, हे भाषेवर ठरते. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. त्यातील लेख ७० लाखांच्या घरात आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि त्यात एक लाखाच्या आसपास लेख आहेत. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे २९ लाखांहून अधिक लोक होते, पण त्यांच्या भाषेचा स्वतंत्र विकिपीडिया नाही. आइसलँडची सारी लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, तरी आइसलँडिक विकिपीडियात ५० हजारांहून अधिक लेख आहेत. म्हणजे बोलणाऱ्यांची संख्या हे यामागचे कारण नव्हे. शाळा, छापखाना, कोश, शासनव्यवहार यांचा आधार ज्या भाषेला आधीपासून मिळाला, ती इंटरनेटवर लवकर उभी राहिली. ज्या भाषेला तो मिळाला नाही, तिला इंटरनेटवर येण्याआधीची सगळी कामेही आताच करावी लागत आहेत.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्रातील सर्वांत योग्य ठिकाण ठरावेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा होईपर्यंत हा सगळा एकच चांदा मुलूख होता. धानोरा, कोरची भागात गोंडी, भामरागड, एटापल्लीच्या जंगलात माडिया, जिवती, राजुऱ्याच्या डोंगरांत कोलामी, सिरोंच्यात गोदावरी आणि प्राणहितेच्या काठाने तेलुगू, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली, जिच्यावर झाडीपट्टीची नाटके पोसली गेली. या सर्वांवर शाळेची, तहसील कचेरीची आणि पाठ्यपुस्तकाची भाषा म्हणून मराठी आहे. मराठी वाचकाला इंग्रजीच्या तुलनेत आपली भाषा दुबळी वाटते. भामरागडच्या मुलाच्या दृष्टीने मात्र मराठी हीच सत्तेची मोठी भाषा आहे. अनेकदा ती त्याच्या कानावर पहिल्यांदा पडते तीच शाळेत. मराठीत ज्ञान आणले म्हणजे ते महाराष्ट्रातल्या सर्वांपर्यंत पोचले, हा समज या दोन जिल्ह्यांत टिकत नाही.

मराठीला तिची आजची जागा सहज मिळालेली नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकात पूर्ण केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. हे दोन्ही कोश आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्याला परिभाषा, शुद्धलेखनाचे नियम, संदर्भग्रंथ, वर्तमानपत्रे असे सारे तयार मिळाले. गोंडीत लिहू पाहणाऱ्याला यातले बहुतेक काही उपलब्ध नाही.

पहिली अडचण लिपीची. संगणकाला अक्षर कळते ते त्याला दिलेल्या क्रमांकावरून. जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना असे क्रमांक देणारी व्यवस्था म्हणजे युनिकोड. देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. गोंडीच्या दोन स्वतंत्र लिप्या आहेत. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली. तेलंगणातील आदिलाबाद भागात गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे प्रकाशात आलेली गुंजाळा गोंडी लिपी २०१८ साली त्यात आली. दोन्ही लिप्यांसाठी विनामूल्य टंकही बनले आहेत. तरीही चंद्रपूर-गडचिरोलीत गोंडी लिहिली जाते ती बहुतांशी देवनागरीत, कारण शाळेत तीच शिकवली जाते. आदिलाबादेत ती तेलुगू लिपीतही लिहितात. त्यामुळे एकाच भाषेतील मजकूर राज्याची हद्द ओलांडताच शेजाऱ्याला वाचता येईनासा होतो, हद्दीच्या दोन्ही बाजूंना सोयरीक होत असली तरी. स्वतःची लिपी हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे आणि तो खराच आहे. पण आजच्या वाचकापर्यंत मजकूर न्यायचा तर देवनागरी टाळून चालत नाही. लिप्यंतर करणारी साधी संगणकीय साधने हा यावरचा व्यवहार्य उपाय आहे: मजकूर एकदा लिहावा आणि तो वाचकाला हव्या त्या लिपीत दिसावा.

लिपीच्या आधी आणखी एक पायरी असते, ती म्हणजे भाषेची गणती. भाषांना तीन अक्षरी संकेत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत गोंडी हा एक व्यापक गट धरला आहे आणि त्याखाली उत्तर गोंडी, अहेरी गोंडी, आदिलाबाद गोंडी असे वेगळे संकेत आहेत. माडियाचा संकेत तर निराळाच आहे. गडचिरोलीतील अहेरी या तालुक्याचे नाव जगाच्या भाषायादीत आहे, ही गोष्ट त्या तालुक्यातही फारशी कोणाला ठाऊक नसेल. विकिपीडियासारखे प्रकल्प नवी भाषा स्वीकारताना या संकेतापासून सुरुवात करतात. त्यामुळे गोंडीचा एकच विकिपीडिया असावा की बोलीगणिक वेगळा, हा प्रश्न आधी येतो. भाषातज्ज्ञांची वर्गवारी आणि 'आपण सगळे कोयतोर', म्हणजे गोंड, ही बोलणाऱ्यांची जाणीव यांचे उत्तर एकच येईल असे नाही.

शब्दांचे एकत्रीकरण हे यापुढचे काम, आणि त्याला जुना इतिहास आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली गोंडी सामग्री त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात गोंडी आणि कोलामीचे नमुने आहेत. कॉपीराइटची मुदत संपल्यामुळे ही पुस्तके आज कोणालाही उतरवून घेता येतात. कोलामीचे सविस्तर वर्णन मरे एमेनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. पण हे सारे इंग्रजीत, परदेशी वाचकासाठी लिहिलेले आहे. ज्यांच्याकडून शब्द घेतले त्यांच्या घरी ते परत आले नाहीत. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी रिझर्व्ह बँकेतील नोकरी सांभाळून गोंडी भाषा, लिपी आणि धर्मपरंपरेवर आयुष्यभर लिहिले. आपल्या माणसांसाठी लिहिणारा त्यांच्या तोडीचा अभ्यासक या प्रदेशात दुसरा दाखवणे कठीण आहे.

२०१४ पासून सीजीनेट स्वर ही संस्था आणि हंपीचे कन्नड विद्यापीठ यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या राज्यांतील गोंडी भाषक एकत्र बसू लागले. मध्य प्रदेशातल्या गोंडीत हिंदी शब्द शिरलेले, आदिलाबादच्या गोंडीत तेलुगू, गडचिरोलीच्या गोंडीत मराठी. एकाची बातमी दुसऱ्याला कळावी, एकाचे पुस्तक दुसऱ्याने वाचावे, यासाठी समान शब्द ठरवण्याचा हा प्रयत्न होता. त्यातून २०१८ मध्ये सुमारे ३ हजार शब्दांचा प्रमाण गोंडी कोश तयार झाला. प्रमाणभाषा घडवताना कोणाची तरी बोली मागे पडते. मराठीतही झाडीबोलीच्या वाट्याला तेच आले. म्हणून अशा कोशात समान शब्दासोबत स्थानिक पर्यायही नोंदवले जाणे फार महत्त्वाचे आहे. छापील पुस्तकात जागेची अडचण असते. संगणकावरील कोशात ती नसते.

या दोन जिल्ह्यांना खुल्या ज्ञानाच्या प्रयोगांनी दिलेला सर्वांत मोठा धडा मात्र लेखनाबाहेरचा आहे. जी भाषा मुख्यतः बोलली जाते, तिच्यात ज्ञान पोचवण्याचे पहिले साधन आवाज आहे. माजी बीबीसी पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी छत्तीसगडमध्ये २०१० साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतीय शाखेच्या मदतीने वर उल्लेखलेले 'सीजीनेट स्वर' हे फोनवरचे व्यासपीठ सुरू केले. त्याची पद्धत अगदी सोपी होती. साध्या मोबाइलवरून एका क्रमांकाला फोन करून तो तोडायचा. मग यंत्रणाच उलट फोन करी, म्हणजे बोलणाऱ्याला खर्च नाही. एक बटण दाबून आपली गोष्ट सांगायची, दुसरे दाबून इतरांची ऐकायची. आलेला संदेश संपादक तपासत आणि नंतर तो सर्वांना ऐकू येई. रेशन मिळाले नाही, हातपंप बिघडला, मजुरी थकली, अशा तक्रारी, गाणी, औषधी वनस्पतींची माहिती. हिंदीबरोबर गोंडीतही हे सारे येत राहिले. ज्या भाषेत एकही दैनिक निघत नाही, त्या भाषेत सामान्य माणूस बातमीदार झाला.

नेटवर्क नसलेल्या गावांसाठी याच लोकांनी 'बुल्टू रेडिओ' ही युक्ती काढली. इंटरनेट असलेल्या ठिकाणी ध्वनिफिती फोनमध्ये उतरवून घ्यायच्या आणि गावात ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर द्यायच्या. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावांचा विचार करताना हे विसरता येत नाही की 'ऑनलाइन' असलेले ज्ञान तिथे बहुधा 'ऑफलाइन' वाटेनेच पोचणार. 'किविक्स' या विनामूल्य साधनाने संपूर्ण मराठी विकिपीडिया एका मेमरी कार्डावर मावतो. आश्रमशाळेच्या संगणकावर तो एकदा घातला की नेटवर्कची वाट पाहावी लागत नाही.

सीजीनेटच्या याच कार्यकर्त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांबरोबर गोंडीच्या यांत्रिक भाषांतराला हात घातला. यंत्र भाषांतर शिकते ते जोडवाक्यांतून: एकाच अर्थाचे हिंदी वाक्य आणि गोंडी वाक्य शेजारी शेजारी. इंग्रजी-फ्रेंचसाठी अशी वाक्ये कोट्यवधींनी आहेत, कारण संसदांची आणि आंतरराष्ट्रीय संस्थांची कागदपत्रे दोन्ही भाषांत आहेत. गोंडीत असे दस्तऐवजच नाहीत. म्हणून शब्दकोश, मुलांच्या गोष्टी, मोबाइल ॲप आणि फोनवरील प्रश्नमंजूषा अशा चार मार्गांनी सामग्री जमवण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार जेमतेम १२ हजार शब्द आणि वाक्ये जमली, आणि पुढे मदत करू शकतील अशी ६५० हून अधिक माणसे सापडली. संशोधक १२ हजारांकडे पाहतील; भाषेच्या दृष्टीने ६५० हा आकडा मोलाचा आहे. वाक्ये यंत्राला लागतात, माणसे भाषेला.

मुलांच्या गोष्टींसाठी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या खुल्या संग्रहाचा उपयोग झाला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहातील चित्रकथा कोणालाही आपल्या भाषेत आणता येतात. चित्रे तयार असतात, शब्द तेवढे बदलायचे. परवान्याचे मोल इथे स्पष्ट दिसते. परवानग्या मागत बसावे लागले असते तर गोंडीतली पहिली रंगीत चित्रपुस्तके आणखी कितीतरी वर्षे लांबली असती.

मोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारच्या साधनांत या भाषा उशिराच आल्या. गूगल ट्रान्सलेटने जून २०२४ मध्ये एकदम ११० भाषा वाढवल्या. त्यांत संताळी, तुळू, मारवाडी होत्या, गोंडी नव्हती. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या भाषांतर प्रकल्पाचा प्रारंभीचा भर आठव्या अनुसूचीतील २२ भाषांवर होता आणि गोंडी त्या अनुसूचीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी विकास मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन प्राथमिक स्वरूपात खुले केले. आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या साधनात संताळी, भिली, मुंडारी आणि गोंडी आहेत. यातली गोंडी छत्तीसगडच्या सामग्रीवर आधारलेली आहे. धानोऱ्याची गोंडी किंवा भामरागडची माडिया त्याला पुरेशी कळावी, तर इथल्या माणसांचे बोलणे त्यात जायला हवे. विशेषतः आरोग्य आणि कायद्याच्या मजकुरात यंत्राचे भाषांतर माणसाने तपासल्याशिवाय वापरणे धोक्याचे आहे: औषधाची मात्रा किंवा दाव्याची मुदत चुकली तर त्याची किंमत वाचकाला मोजावी लागते.

ज्ञान घेणाऱ्या वाचकाइतकाच ते लिहिणारा हवा, आणि तो शाळेत घडतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मोहगाव येथे ग्रामसभांनी २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल' हे तिचे नाव. तिच्या मान्यतेचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. अशा शाळेसाठी भूगोल, विज्ञान, गणित यांची गोंडी पुस्तके बाजारात मिळत नाहीत. ती शिक्षकांनाच घडवावी लागतात. खुल्या परवान्याची मराठी सामग्री अशा वेळी थेट उपयोगी पडते. संताळीचा अनुभव याला पूरक आहे. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी तयार केली, पुढे शाळा, नियतकालिके, २००३ चे आठव्या अनुसूचीतील स्थान, २००८ चा युनिकोड प्रवेश, आणि मग ऑगस्ट २०१८ मध्ये संताळी विकिपीडिया. गोंडी विकिपीडिया आज 'इन्क्युबेटर' या चाचणीच्या जागेत आहे. तिथून बाहेर पडण्यासाठी महिनोन्महिने सातत्याने लिहिणारे संपादक लागतात, आणि ते गोंडी वाचत मोठ्या झालेल्या मुलांतूनच येऊ शकतात.

भाषांतराची चर्चा बहुधा एकाच दिशेने होते: ज्ञान बाहेर आहे, ते जंगलात न्यायचे. गडचिरोलीचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रिया आरोग्यदूत झाल्या आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकात आला आणि जगभर पोचला. ज्या आयांच्या घरांत तो झाला, त्यांच्याशी आरोग्यदूत त्यांच्याच बोलीत बोलत होत्या. जगाला मात्र तो इंग्रजीत वाचावा लागला. राणी बंग यांच्या 'गोईण' या पुस्तकात इथल्या आदिवासी स्त्रियांनी सांगितलेली झाडांची माहिती आहे. कोणते झाड कशाला उपयोगी, त्याच्याशी काय नाते, हे सारे त्या बायकांकडून आलेले आहे.

असे तोंडी ज्ञान विश्वकोशात घेताना एक नियम आडवा येतो: विकिपीडियाला छापील किंवा प्रकाशित संदर्भ लागतो. ज्या समाजाचे ज्ञान छापलेच गेले नाही, त्याने संदर्भ कोठून द्यावा? अचल प्रभला यांनी २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत ध्वनिमुद्रित मुलाखतीच संदर्भ म्हणून वापरण्याचा प्रयोग केला. तो प्रयोगच राहिला. नियम बदलला नाही. पण मोहफुले वेचण्याची रीत, तेंदूपाने तोडण्याचा हंगाम किंवा कोलामांच्या बांबूकामाचे तपशील नोंदवायचे तर या वाटेला पर्याय दिसत नाही.

आणि हे ज्ञान खुले करायचे की नाही, हे ठरवणार कोण? वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ट) नुसार जैवविविधतेशी संबंधित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला याच कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील पहिल्या अशा गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागातून तिथे अभ्यासगटांची परंपरा रुजली: प्रश्न समोर आला की आधी गट बसवून त्याचा अभ्यास, मग सर्वसहमतीने ग्रामसभेचा निर्णय. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. तिच्यात काय लिहायचे आणि त्यातले बाहेरच्यांना काय दाखवायचे, हा निर्णयही गावाकडेच असायला हवा. औषधी मुळीची जागा इंटरनेटवर गेली तर ती मुळी जंगलात उरेलच असे नाही.

म्हणून परवान्याची निवड ही संगणकावर बसलेल्या स्वयंसेवकाची बाब राहू शकत नाही. गाणे, गोष्ट, शब्द, शेतीची रीत हे सर्वांना देता येईल. औषधाचे ठिकाण आणि देवाधर्माच्या काही गोष्टी गावापुरत्या राहतील. काही माहिती वापरायला मोकळी, पण गावाचे नाव लावूनच. अशा अटी स्पष्ट सांगण्यासाठी जगातील आदिवासी समाजांनी पारंपरिक ज्ञानाची 'लेबले' वापरायला सुरुवात केली आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रण करण्याआधी तो परवाना गोंडीत किंवा माडियात वाचून, समजावून सांगावा लागतो, आणि त्यावरचा ठराव ग्रामसभेच्या वहीत नोंदवावा लागतो.